दाभणमामांची साक्ष

वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली दाभणमामा म्हणे. हातात दाभण असे म्हणून, आणि बोलणंही टोचे म्हणून. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी इतकी विटली होती की त्यावरची अक्षरं फक्त मामांनाच वाचता येत, आणि त्यांना ती वाचायची गरज नव्हती.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मधोमध कागद दाबायचा लोखंडी शिकंजा, शेजारी सरसाचं पातेलं, खिडकीशी शिवणीची लाकडी चौकट, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत पुठ्ठे. कोर्टाच्या फायली येत, शाळांची हजेरीपुस्तकं येत, एका म्हाताऱ्या डॉक्टरची मासिकं दर वर्षी येत. मामा पुस्तक हातात घेत ते पाठीकडून. आधी कणा, मग शिवण, मग कोपरे. आत काय लिहिलंय ते बघायची त्यांना हौस नव्हती. "आतलं ज्याने लिहिलं त्याने बघावं," ते म्हणत, "माझं काम सुटू नये एवढं."

दुकानामागे दोन खोल्या होत्या. तिथे मामा, त्यांची धाकटी बहीण आणि तिचा मुलगा राहत. मामांचं लग्न राहून गेलं होतं. बहिणीचं झालं होतं, पण नवरा सीमेपलीकडच्या देशातला. मूल तीन वर्षांचं असताना तो आठ दिवसांसाठी म्हणून आपल्या गावी गेला, आणि ते आठ दिवस काही संपले नाहीत. धाकटी एका इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी इस्त्री करायची. मामा तिला 'धाकटे' अशीच हाक मारत, आणि पुढे गल्लीनेही तेच नाव उचललं.

मुलाला मामांनी नाव ठेवलं होतं राजे. लहानपणी कौतुकाने ठेवलेलं हे नाव पुढे पुढे वेगळ्या सुरात निघू लागलं. "राजे उठले का? राजेंना सांगा, सूर्य कधीचा येऊन बसलाय."

पंधराव्या वर्षी राजेंना शाळा झेपेना, तेव्हा मामांनी त्यांना शिवणीच्या चौकटीवर बसवलं. हात वाईट नव्हता. मामांना त्याचाच राग यायचा. हातच नसता तर सोडून दिलं असतं, पण याला बोटं होती आणि बूड नव्हतं. दोन जुजा शिवून झाल्या की मान अवघडे. जुज म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एक गठ्ठा. असे पंधरा-वीस गठ्ठे एकाला एक शिवले की पुस्तक होतं. राजेंनी सहा वर्षांत एकही पुस्तक पहिल्या जुजेपासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत पुरं केलं नाही. कापड चिकटवताना कोपरे आत मुडपायचे असतात, राजे ते तसेच सोडून पुठ्ठ्यावर हात फिरवत आणि म्हणत, "आतून कोण बघतंय?"

"मी बघतोय," मामा म्हणत.

मग राजेंनी बाहेर नोकऱ्या केल्या. पार्सलच्या कचेरीत तीन आठवडे. मोठ्या दुकानाच्या दारावर पहारेकरी म्हणून अकरा दिवस. ती नोकरी सोडली, कारण बूट चावत होते. धाकटीने नवे बूट घेऊन दिले, तेव्हा राजे म्हणाले, बूट ठीक आहेत, पण दिवसभर उभं राहणं हे काय माणसाचं काम आहे?

ज्याला दुकानाच्या दारात उभं राहवेना, तो बावीस वर्षांचा झाल्यावर बंदूक घेऊन डोंगरात गेला.

सीमेवर तेव्हा धुसफूस चालू होती. पलीकडच्यांनी एक दल उभं केलं होतं आणि इकडच्या चौक्यांवर ते गोळीबार करत होतं. त्या दलाच्या फिती मोबाइलवर फिरत. त्यात गाणी असत, वारा असे, आणि गॉगल लावलेली पोरं असत. राजेंनी त्या फिती वर्षभर अंथरुणात पडून बघितल्या आणि एका सकाळी आईच्या उशाखाली चिठ्ठी ठेवून निघून गेले. चिठ्ठीत लिहिलं होतं: मी माझ्या बापाच्या मातीसाठी लढायला जातोय.

मामांनी चिठ्ठी वाचली आणि उलटी करून ठेवली.

"बापाने एकोणीस वर्षांत एक पत्र पाठवलं नाही," ते म्हणाले, "आणि याला त्याची माती आठवली. स्वतःच्या चपलेची माती कधी झटकली नाही याने."

धाकटी नुसती रडत होती.

दोन महिन्यांनी राजे स्वतःच एका फितीत आले. गॉगल, नवा गणवेश, मागे डोंगर. त्यांनी एक भाषण केलं, ज्यातले मोठे शब्द कुणीतरी लिहून दिलेले होते हे दर वाक्याला कळत होतं. मग त्यांनी खिशातून आपला पासपोर्ट काढला, समोर धरला, म्हणाले, "हा देश माझा नाही," आणि एका झटक्यात त्याचे आडवे दोन तुकडे केले.

धाकटीने तोंडावर पदर धरला. मामा म्हणाले, "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावली.

"पुन्हा."

"दादा, काय आनंद आहे का तुला यात?"

"तो पासपोर्ट नाहीये," मामा म्हणाले. "पासपोर्टाची पानं शिवलेली असतात, आवरण कापडी असतं. तो असा आडवा फाटत नाही. पैलवानाने फाडून दाखवावा. ही दोन पिना मारलेली चाळीस पानी वही आहे, वर रंगीत कागद लावलाय. आणि कोपरे बघ. मुडपलेले नाहीत."

धाकटीने डोळे पुसून बघितलं. "म्हणजे खरा त्याच्याजवळ आहे?"

"असणारच. देशाच्या तोंडावर थुंकायचंय, पण परतीची सोय खिशात ठेवून. घरातनं भांडून निघणारी पोरं किल्ली नेतात ना बरोबर, तसं."

धाकटीला मात्र त्यात आशा दिसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट जेवली.

पुढच्या महिन्यात एका दुपारी पलीकडच्या दलाने सीमेवरच्या एका चौकीवर हल्ला केला. त्या चौकीत समोरच्या कुलूपवाल्याचा मुलगा होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कुलूपवाला आणि मामा तीस वर्षं चारच्या ठोक्याला दुकानाच्या पायरीवर एकत्र चहा पीत आले होते. कुलूपवाल्याने कुणाला काही म्हटलं नाही. फक्त चहाला यायचं थांबवलं. मामा चारला दोन कप करत, एक पीत, आणि दुसरा गार झाल्यावर ओतून देत. गल्ली मात्र बोलत होती. ज्यांनी राजेंची फीत चवीने एकमेकांना पाठवली होती, तेच आता नाक्यावर उभे राहून, "आम्हाला तर तेव्हाच दिसत होतं," असं सांगत होते. मामांना त्यांचीही किळस आली, पण त्यांना सुनवायला तोंड कुठल्या तोंडाने उघडणार, म्हणून गप्प बसले.

दीड वर्षात ते दल मोडलं. पलीकडच्या सरकारने हात वर केले. पोरं वाट फुटेल तिकडे पळाली, आणि राजे तिसऱ्याच एका देशात पकडले जाऊन छावणीत बसले. तिथून त्यांनी अर्ज केला: मी तुमचा नागरिक आहे, माझ्याजवळ पासपोर्ट आहे, मला घरी न्या.

इकडे तोवर कायदा झाला होता. जो नागरिक देशाविरुद्ध शस्त्र उचलेल आणि ज्याला दुसऱ्या एखाद्या देशाचं नागरिकत्व असेल, त्याचं इथलं नागरिकत्व काढून घेता येईल. राजेंना बापाच्या वाटेने पलीकडचं नागरिकत्व होतंच. दलात गेल्यावर त्यांनी ते मागून घेतलं होतं. म्हणजे हे उघड्यावर पडणार नव्हते. पलीकडे जागा होती. पण राजेंना पलीकडे जायचं नव्हतं. ते आईला फोनवर म्हणाले, "तिथे काही नाही गं. हिवाळ्यात गरम पाणीसुद्धा मिळत नाही."

"ती बापाची माती," मामा मागून म्हणाले. "तिला ऊब असते म्हणतात."

नोटीस आली. तिघांच्या समितीपुढे सुनावणी होती. धाकटीने एक वकील धरला. तरणा होता, हुशार होता आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होता. दुकानात येऊन तो पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आमचे मुख्य साक्षीदार. पासपोर्टची फीत खोटी आहे हे तुमच्यासारखं कोण सांगणार? चाळीस वर्षांचा अनुभव. आमचं म्हणणं एवढंच, की ते सगळं नाटक होतं. पासपोर्ट नाटकाचा, बंदूक फोटोपुरती. मुलगा तिथे स्वयंपाकघरात कांदे सोलत होता."

"कांदे," मामा म्हणाले.

"हो."

"घरी कधी सोलला नाही."

वकील हसला. मामा हसले नव्हते.

"म्हणजे तुमचा बचाव असा," मामा म्हणाले, "की याने आपल्या देशाला फसवलं आणि त्या लोकांनाही फसवलं. कुणाशीच खरा नव्हता, म्हणून याला सोडा."

"ऐकायला बरं नाही वाटत, पण कायद्यात बसतं."

"बसत असेल. ढुंगण टेकलं की कुठेही बसता येतं."

वकील घसा साफ करून मुद्द्यावर आला. लष्कराला एका सोडून दिलेल्या तळावर दलाची रोजची वही सापडली होती. त्यात कुणाचं नाव नव्हतं, नुसते नंबर. कुणाला किती काडतुसं दिली, कुणी किती झाडली, रोजच्या रोज. पहिल्या पानावर लिहिलं होतं: ही वही सतरा नंबरने शिवली, सतरा नंबरच ठेवील. आणि चौकीवर हल्ला झाला त्या तारखेला सतरा नंबरपुढे आकडा होता अकरा.

"अक्षर सगळं छापील वळणाचं आहे," वकील म्हणाला. "तज्ज्ञांना ठरवता आलं नाही. सरकारी बाजू म्हणते, बाइंडर येतोच आहे तर त्यालाच शिवण दाखवू. तुमच्या हातात देतील. तुम्ही म्हणा, अशी शिवण कुणाचीही असते, ओळखता येत नाही. संपलं."

तो गेल्यावर धाकटी बाहेर आली. ती दाराआड ऐकत होती हे मामांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे तिलाही.

"दादा."

"ऐकलं मी."

"पासपोर्टचं खरं आहे ते खरंच सांग. वहीचं तेवढं ओळखू आली नाही म्हण. चार शब्द आहेत."

"वही अजून बघितली नाही मी. त्याची नसेलही."

"आणि असली तर?"

मामा खळीच्या भांड्याच्या कडेला सुकलेली खळ नखाने काढत राहिले.

"असली तर काय, दादा? तो माझा एकटा आहे. त्याचं इथलं नाव खोडलं की तो या दारात पुन्हा येणार नाही. मी मरेन तेव्हासुद्धा येणार नाही. मी काय तुला त्याला चांगला म्हणायला सांगतेय? नालायक आहे. मला माहीत आहे तो नालायक आहे. नालायकांना घर नसतं का?"

"समोरच्या पोराला पाय नाही, धाकटे."

"तो माझ्या मुलाने तोडला कशावरून?"

"तेच तर बघायचंय."

"तू बघूच नकोस ना," ती म्हणाली. "आयुष्यभर आत काय लिहिलंय ते बघितलं नाहीस. आताच कशाला बघतोस?"

मामांनी दिवा मालवला आणि शिकंज्याचा दांडा उगाच आणखी एक फेरा आवळला.

सुनावणी जिल्हा कचेरीच्या पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, तीन खुर्च्या, पंखा, पाण्याचे झाकलेले पेले, आणि भिंतीला एक मोठा पडदा, ज्यावर छावणीतून राजे दिसणार होते. मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई होत्या. पांढरे केस, चष्मा नाकावर, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईस्तोवर न बोलायची सवय. मागच्या बाकावर कुलूपवाला एकटा बसला होता. मामांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने खिडकीकडे बघितलं.

पडदा उजळला. राजे जाड झाले होते. गालावर दाढी, डोक्यावर लोकरी टोपी. आईला बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खरंच भरले होते. रडू राजेंना लहानपणापासून चांगलं येई. मग ते म्हणाले, "आई, इथे घोंगडी एकच देतात."

समितीतल्या डावीकडच्या गृहस्थांनी खोकून घेतलं.

आधी पासपोर्ट झाला. फीत पडद्यावर थांबवून थांबवून दाखवली आणि मामांनी शाळेत फळ्यापाशी उभं राहावं तसं समजावून सांगितलं. पिना इथे, कडा इथे, कागद असा लावलाय, कोपरे असे सोडलेत. वकिलाचा चेहरा फुलत गेला.

"म्हणजे खरा पासपोर्ट फाडलेला नाही?"

"नाही."

"आपलं नागरिकत्व फेकून द्यायचा त्याचा इरादा नव्हता, असं तुम्ही म्हणाल?"

"इरादा मला दिसत नाही. पिना दिसतात," मामा म्हणाले. मग अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाले, "पण बाई, हे त्याच्या बाजूने धरू नका. खरा फाडला असता तर निदान एक गोष्ट मनापासून केली असं म्हटलं असतं."

वकील घाईने खाली बसला.

मग एका लिफाफ्यातून ती वही निघाली आणि मामांच्या हातात आली. हिरवं कापड, हाताएवढी उंच, एका बाजूला ओल लागून डाग पडलेला. मामांनी ती नेहमीसारखी पाठीकडून धरली. कण्यावर अंगठा फिरवला. मग मधोमध उघडून दोऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा हात थांबला.

बाइंडर लोक एक जुज दुसरीला जोडताना कडेला एक गाठ मारतात. मामा दोन फेऱ्यांची मारत आणि दोऱ्याचं शेपूट आतल्या घडीत असं दडवत की ते वर्षानुवर्षं सुटत नसे. त्यांना ही रीत त्यांच्या उस्तादाने शिकवली होती. उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली होती. मामांनी ती दोघांना शिकवली: हातभार लावायला बसे तेव्हा धाकटीला, आणि राजेंना. धाकटी मागे बसली होती. तिला वही दिसत नव्हती, पण भावाचा हात थांबलेला दिसला, आणि तिला कळलं.

मामांनी शेवटपर्यंत बघितलं. वीस जुजा. सगळ्या सरळ. कापड ताणून लावलेलं, सुरकुती नाही. त्यांनी पुठ्ठा उलटून आतल्या बाजूचे कोपरे बघितले. चारही मुडपलेले होते, नीट, चपटे, हाडाच्या पट्टीने दाबलेले. पुरी केलेली वही होती. सहा वर्षं ज्याला घरात एक पुस्तक पुरं करवलं नाही, त्याने डोंगरात, कुठल्या पेटीवर बसून कोण जाणे, हे पुरं केलं होतं. माणसं मारायचा रोजचा हिशेब ठेवायला. मामांच्या छातीत पहिल्यांदा जे उठलं ते शाबासकीसारखं होतं, आणि त्यापायी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"ओळखता का ही शिवण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

खरं असेल ते सांगायचं, हे मामांनी आदल्या रात्रीच मनाशी ठरवलं होतं. पण ठरवणं वेगळं आणि बहीण पाठीमागे श्वास धरून बसलेली असताना तोंड उघडणं वेगळं. ते वही न्याहाळत राहिले. चाळीस वर्षांच्या सवयीने बोट शेवटच्या जुजेपाशी गेलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "ही एक ढिली राहिलीय. दोरा पुरला नाही वाटतं."

"पुरला होता," पडद्यावरून आवाज आला. "ढिली नाहीये मामा ती. पुढे पानं घालायची होती, म्हणून मुद्दाम सैल ठेवली. तूच सांगायचास ना, वाढती वही असेल तर शेवटची जुज आवळू नये."

कारकुनाने लिहिता लिहिता मान वर केली.

राजेंच्या चेहऱ्यावर अजून तो जुना, दुखावलेला भाव होता, काम बरोबर करूनही ऐकून घ्यावं लागलेल्या पोराचा. मग तो हळूहळू उतरला. वकिलाने पेन टेबलावर ठेवलं आणि बोटांनी डोळे दाबले. कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. दोन वर्षांत या माणसाला आपला देश सोडता आला, आई सोडता आली, बरोबरची पोरं उघड्यावर टाकून पळता आलं. फक्त एका सैल टाक्यावरून बोललेलं सोसवलं नाही.

"लिहून घ्या," अध्यक्षबाई कारकुनाला म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "तुमचं उत्तर राहिलं."

मामांना तेव्हा राजेंचा जेवढा राग आला तेवढा आजवर कधीच आला नव्हता. खरं बोलायचं एवढं जड काम ते कसंबसं उचलत होते, आणि याला तेवढीही वाट बघवली नाही.

"त्याचीच आहे," ते म्हणाले. "गाठ मी शिकवलेली. हात त्याचा."

"खात्री आहे?"

"माझी सही ओळखायला मी एक वेळ चुकेन."

"मी हवेत झाडल्या," राजे पडद्यावरून घाईने म्हणाले. "अकराच्या अकरा. देवाशपथ. मामा, सांग ना यांना, मला नेम कुठे येतो? मला साधी पट्टी धरून सरळ कापता येत नाही, तूच म्हणायचास."

मागच्या बाकावरून कुलूपवाल्याचा आवाज आला. त्याने आवाज चढवला नव्हता. "हवेत," तो एवढंच म्हणाला, एखादी किल्ली कुलपात बसते का बघावी तसं. मग उठून बाहेर गेला.

"कांदे सोलत होता ना हा?" डावीकडच्या गृहस्थांनी वकिलाला विचारलं. वकिलाने कागद गोळा करायला सुरुवात केली होती.

निकाल सोळाव्या दिवशी आला. दीड पान होतं. सदर इसमाने देशाच्या सैन्यावर शस्त्र चालवल्याचं सिद्ध होत आहे, तो अन्य देशाचा नागरिक आहे, सबब त्याचं या देशाचं नागरिकत्व संपुष्टात येत आहे. मामांनी कागद एकदा वाचला आणि धाकटीच्या हातात दिला. निकाल चुकीचा आहे असं त्यांना वाटलं नाही. तो वाचून आनंद झाला का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला त्यांनी दुकानाबाहेर काढलं असतं.

धाकटी त्यांच्याशी बोलायची थांबली. तिने भांडण केलं नाही. जेवण वाढी, कपडे धुई, आणि बोलायचं असेल ते भिंतीशी बोले. "चहा ठेवलाय, कुणाला प्यायचा असेल तर." "सरसाचं पातेलं करपतंय, कुणाचं असेल त्याने बघावं." मामाही भिंतीलाच उत्तर देत. असे दोन महिने गेले. भिंतीने सगळं ऐकून घेतलं.

राजेंना छावणीतून पलीकडे पाठवलं. तिथे त्यांना एका वस्तीत खोली मिळाली आणि पाण्याचा बंब मिळाला नाही. आठवड्यातून दोनदा ते आईला फोन करत, आणि आई दार लोटून बोले. दाराला फट होती. राजे सांगत, शेजारी बोलत नाहीत. इथले लोक म्हणतात, तू ज्या देशात जन्मलास त्याच्याशी नीट वागला नाहीस, आमच्याशी काय वागणार? मामा पुठ्ठा कापता कापता थांबले. पलीकडेही शहाणी माणसं आहेत हे त्यांना प्रथमच कळलं.

एका सकाळी धाकटी दुकानात आली. कामाला जायची साडी नेसली होती, पण कामावर निघाली नव्हती. तिच्या हातात एक छापील अर्ज होता. तो तिने शिकंज्यावर ठेवला.

"सही पाहिजे," ती म्हणाली. भिंतीकडे न बघता म्हणाली.

मामांनी हात पुसले, चष्मा लावला. पासपोर्टचा अर्ज होता. जी बाई पन्नास वर्षांत तालुका ओलांडून गेली नव्हती, तिचा.

"तो येऊ शकत नाही," धाकटी म्हणाली, "मी जाऊ शकते. तुझ्या कायद्याने मला काही अडवलेलं नाही. चौकशी केलीय मी."

"माझा कायदा कधीपासून झाला?"

"ओळख देणारा माणूस लागतो. अर्जदाराला निदान दहा वर्षं ओळखणारा. बघ, ओळखतोस का मला. शिवण बघायची असेल तर बघ."

मामांनी ते ऐकून घेतलं. ते त्यांच्या वाट्याचंच होतं.

"त्याने बोलावलंय?"

"यादी दिलीय. लोकरीचे मोजे दोन जोड, खोकल्याचं औषध, दाढीचा साबण."

"आई कितव्या नंबरला आहे यादीत?"

धाकटीच्या ओठाचा एक कोपरा हलला, तो हसण्याकडे जाणार की रडण्याकडे हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही. "चवथ्या," ती म्हणाली.

मामांनी अर्ज वाचला. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. प्रवासाचा हेतू या रकान्यापुढे तिने आपल्या गोल, इस्त्री केल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: मुलाला भेटणे.

"इथे नातेवाइकांना भेट असंही चालतं," ते म्हणाले. "मुलगा म्हटलंस की कोण, कुठला, ते सगळं विचारतील. खिडकीपाशी उभं करून, दहा माणसांत."

"विचारू देत. सांगेन."

"काय सांगशील?"

"आहे ते. की त्याने असं असं केलं, आणि त्याचं नाव इथून काढलं, आणि मी त्याची आई आहे. यातलं खोटं काय आहे?"

"काही नाही," मामा म्हणाले.

त्यांनी पेन उचललं. ओळख देणाऱ्याचं पूर्ण नाव, व्यवसाय, पत्ता. अर्जदाराशी नातं. किती वर्षांपासून ओळखता. तिथे त्यांनी एकावन्न लिहिलं आणि खाली सही केली. शाई वाळेपर्यंत अर्ज दोन्ही हातांनी सपाट धरून ठेवला, मग तिला दिला.

"रांग मोठी असते," ते म्हणाले. "सात वाजता जाऊन उभी राहा. आणि मोजे इथूनच घे, तिकडचे धुतले की विटतात."

"तू त्याला काही निरोप देतोस?"

मामांनी पुढचं पुस्तक ओढून घेतलं. कुठल्याशा शाळेचं हजेरीपुस्तक होतं, कणा पार निखळलेला. ते त्याचे जुने टाके एकेक करून उसवू लागले.

"नाही," ते म्हणाले.

धाकटी दारापर्यंत गेली आणि थांबली. "चहा ठेवते," ती म्हणाली. "पिऊन जाते."